मंजुषाची झोप

गुजरीत, भाजीबाजारात, टमाटर विकणाऱ्या बाईचा फोन वाजला आणि मंजुषाच्या हातातली थैली खाली पडली. फोन तिचा नव्हता. तिचा घरी चार्जिंगला लावलेला होता. पण त्या बाईनं तिच्या फोनसारखीच घंटी ठेवली होती, आणि ती ऐकताच मंजुषाच्या छातीत धडधड सुरू झाली, तळहात ओले झाले, तोंड कोरडं पडलं. रविवार होता. शाळेला सुट्टी, शाळेची एकही बस रस्त्यावर नव्हती. तरी तिचा हात पर्समध्ये फोन शोधत राहिला. टमाटरवालीनं तिला आपल्या पोत्यावर बसवलं, बाटलीतलं पाणी दिलं. मंजुषा दोन घोट प्यायली आणि तिला रडू कोसळलं. कशाचं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

मंजुषा तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होती. माहेर तिरोडीचं, सासर मध्य प्रदेशातल्या बालाघाटचं. एका खाजगी शाळेत ती शिक्षिका म्हणून लागली होती, पण कामाला चोख, म्हणून संचालक गजेंद्र सरांनी तिच्याकडे शाळेच्या बसेस सोपवल्या. आजूबाजूच्या गावांतून पोरं आणायची आणि परत पोचवायची. पहिली बस निघायच्या आधीपासून तिचा फोन वाजू लागे. गाडी कुठवर आली, ड्रायव्हर काल एवढ्या जोरात का चालवत होता, बाटली सीटखाली राहिली, रेल्वे फाटक बंद असेल तर लेकरांनी उन्हात किती वेळ उभं राहायचं. कोणी नीट बोले, कोणी शिवी घातल्याशिवाय वाक्य संपवत नसे. संध्याकाळी पोरं घरी पोचली की फोन थांबायला हवे होते, पण तेव्हा पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप जागा व्हायचा.

घरीही तेच. सासरे चैतराम भरवेलीच्या खाणीतून रिटायर होऊन बसलेले, छाती धुळीनं अधू. नवरा महेंद्र त्याच खाणीत एका ठेकेदाराकडे इलेक्ट्रिशियन, शिफ्टची ड्यूटी. मुलगी राखी कॉलेजात. आणि मंजुषा घरातली मोठी सून. किरनापुरकडचा कोणीही नातेवाईक बालाघाटच्या दवाखान्यात आला की त्याचा डबा हिच्या घरून जायचा. कोणाच्या पोरीचं लग्न ठरलं की लुगडी हिनंच निवडायची, विहारात कार्यक्रम असला की भाजीला किती तेल लागेल ते हिलाच विचारायचं. तिनं कधी नाही म्हटलं नव्हतं. लोक तिच्या तोंडावर म्हणत, मंजुषा आहे म्हणून निभते, आणि ते ऐकून तिला बरंही वाटे.

पण कित्येक महिने ती धड झोपली नव्हती. डोळा लागे आणि मध्येच खाडकन उघडे, मग उजाडेपर्यंत ती उद्याच्या बसेस डोक्यात फिरवत पडून राही. चेहरा गोल झाला होता, पोट सुटलं होतं, हातपाय मात्र बारीकच. केस विंचरले की मूठभर हातात येत. दंडाला जरा दार लागलं तरी काळंनिळं पडे. राखी म्हणायची, "मम्मी, तुम हमेशा लड़ने के मूड में रहती हो." मंजुषाला ते पटत नसे. आपण तर कोणाशीच भांडत नाही, असं तिला वाटे.

आधी दोन डॉक्टर झाले होते. दोघांनीही रक्तदाब मोजला, गोळी लिहिली आणि टेन्शन मत लिया करो असं सांगून पुढच्या पेशंटला बोलावलं. गुजरीतल्या त्या दिवसानंतर ती डॉक्टर देवश्रीकडे गेली. देवश्री गावातल्याच जुन्या मराठी घरातली, नागपूरहून शिकून आलेली, वयानं मंजुषापेक्षा लहान. तिनं चेहरा पाहिला, दंडावरचे डाग पाहिले, झोपेचं नीट विचारलं, आणि काही तपासण्या लिहून दिल्या. नमुने नागपूरला गेले. उत्तर आलं की ताणाच्या वेळी शरीरात वाढणारा हार्मोन मंजुषाच्या अंगात फार जास्त आहे, आणि जो रात्री अगदी खाली जायला पाहिजे तो रात्रीही वरच आहे.

असं हा हार्मोन वाढवणाऱ्या ग्रंथीवर गाठ असल्यामुळेही होतं, म्हणून तिला नागपूरच्या मोठ्या डॉक्टरकडे पाठवलं. महेंद्र सुट्टी काढून सोबत गेला. जाताना बसमध्ये तो रिपोर्टांची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसला, घाबरला होता. गाठ नाही असं कळल्यावर मात्र त्याचा चेहराच बदलला. बसस्टँडवर त्यानं समोसे घेतले आणि म्हणाला, "म्हंजे काही नाही ना. चला, सुटलो." मंजुषाच्या हातातला समोसा हातातच राहिला. गाठ निघाली असती तर यानं मला खाटेवरून उठू दिलं नसतं, असं तिच्या मनात आलं. काही नाही म्हणजे उद्यापासून पुन्हा सगळं होतं तसं.

देवश्रीला मात्र काही नाही असं वाटलं नाही. तिनं समजावून सांगितलं की हा हार्मोन वाईट नाही, सकाळी तोच माणसाला उठवतो, अडचणीत तोच बळ देतो. पण अडचण गेली की तो उतरायला हवा, आणि मंजुषाचा उतरतच नाही. कोणीतरी चोवीस तास मागे लागलंय, असं शरीराला वाटतंय. रक्तदाब, वाढती साखर, पोट, मोडलेली झोप, सगळ्याला तो खतपाणी घालतोय. असंच चाललं तर एक दिवस हृदयावर येईल. रक्तदाबाची गोळी चालू ठेवायची, पण बाकीच्याला गोळी नाही. रोज ठरल्या वेळी झोपायचं, सकाळच्या उजेडात चालायचं, वेळेवर बसून जेवायचं, दुपारनंतर चहा नाही, झोपायच्या बऱ्याच आधी फोन दूर ठेवायचा. आणि जे मागे लागलंय ते कमी करायचं. एवढं सांगून देवश्रीही सवयीनं म्हणून गेली, "आणि टेन्शन घेऊ नका."

"मी घेत नाही मॅडम," मंजुषा म्हणाली. "लोक आणून देतात."

देवश्रीनं पेन खाली ठेवलं. "मग परत करा," ती म्हणाली.

मंजुषा दवाखान्यातून पायी घरी आली. रस्त्यात फोन वाजला, तिनं उचलला नाही. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी ती गजेंद्र सरांच्या केबिनमध्ये गेली. बसेससाठी शाळेनं वेगळा फोन घ्यावा, तो तिघांनी पाळीपाळीनं सांभाळावा, पोरं घरी पोचली की बंद व्हावा, असं तिनं शांतपणे मांडलं. सरांनी ऐकून घेतलं आणि हसून सांगितलं की पालक पूर्ण फी भरतात, त्यांना कोणाचा तरी फोन लागलाच पाहिजे. मंजुषानं तब्येतीचं सांगितलं.

"टेंशन तो सबको है, मैडम. मुझे भी है."

"आपको है, इसलिए मुझे भी होना चाहिए क्या, सर?"

सरांना हे असं उत्तर अपेक्षित नव्हतं. जमत नसेल तर सोडून द्या, असं ते म्हणाले. मंजुषा म्हणाली की मी शिकवायला म्हणून लागले होते, शिकवणं सोडणार नाही, काढायचं असेल तर तसं लिहून द्या. लिहून काही मिळालं नाही. त्या संध्याकाळी शेवटचं पोर उतरल्याचं कळल्यावर तिनं फोन बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवला आणि झाकण लावलं.

त्याच आठवड्यात एक बस परतीच्या वाटेवर पंक्चर झाली. मंजुषाला ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. ड्रायव्हर प्रेमलालनं चाक बदललं, पालकांना स्वतःच फोन केले, पोरं उशिरानं पण सुखरूप घरी पोचली. मंजुषाला आधी लाज वाटली, मग राग आला. इतकी वर्षं आपण जागलो नाही तर जग बुडेल असं सगळ्यांनी तिला पटवलं होतं, आणि तिनंही पटवून घेतलं होतं. प्रेमलाल तर म्हणाला की मॅडम, हे आम्ही आधीही करू शकत होतो, आम्हाला कोणी सांगितलंच नाही.

गजेंद्र सरांनी बसेसचं काम तिच्याकडून काढून ऑफिसातल्या राजूला दिलं. तिचा भत्ता गेला, तिला चौथीचा वर्ग मिळाला आणि स्टाफरूममधली पंख्याखालची जागाही गेली. ती माफी मागायला येईल असं सरांना वाटत होतं. ती आली नाही. चौथीच्या पोरांना तिनं पहिल्याच दिवशी भागाकार शिकवला.

घरचं एवढं सोपं नव्हतं. ती लवकर झोपू लागली, तर महेंद्रला दुपारच्या शिफ्टवरून रात्री आल्यावर स्वतः भाजी गरम करावी लागू लागली. चार दिवस तो बोलला नाही. पाचव्या दिवशी म्हणाला की लोकांच्या बायका वाट पाहत बसतात. "लोकांच्या बायकाइले विचारून पाहा एकदा," मंजुषा म्हणाली, "झोप येते का म्हून." महेंद्रनं ताट सरकवलं आणि उठून गेला.

आणि झोप काही लगेच आली नाही. उलट पहिले काही दिवस वाईट गेले. फोन डब्यात होता, तरी कानात वाजे. आपण आळशी झालो, स्वार्थी झालो, असं अंथरुणात वाटत राही. मग तिला देवश्रीचं बोलणं आठवे की अंगाला वेळ लागतो, इतक्या वर्षांचं शिकलेलं ते एका आठवड्यात विसरत नाही. सकाळी राखीचे जुने बूट घालून ती मोती तलावाला फेऱ्या मारायला जाई. वॉर्डातल्या बायकांनी आधी विचारलं, शुगर निघाली का. नाही म्हटल्यावर मग उगाच काहून फिरून राह्यली, असं त्यांना वाटलं. तिनं कोणाला खुलासा केला नाही. एके दिवशी ती परत आली तर चैतराम गॅससमोर उभे होते, पातेल्यात चहा उकळत होता आणि निम्मा ओट्यावर सांडलेला होता. शहात्तर वर्षांत त्यांनी पहिल्यांदा चहा केला होता. साखर फार झाली होती. मंजुषा बसून प्यायली.

उन्हाळा लागायच्या आधी शेवंताबाई आल्या. शेवंताबाई महेंद्रच्या थोरल्या बहीण, किरनापुरला दिलेल्या. घरात त्यांचा शब्द चालायचा. आई गेल्यापासून महेंद्र त्यांच्यासमोर मान वर करत नसे. त्यांच्या लोकेशचं लग्न ठरलं होतं. चहा झाल्यावर त्यांनी पाय पसरले, सुजलेल्या घोट्यांवरून हात फिरवला आणि ठरवून आलेलं सांगून टाकलं.

"लोकेशचं लगन तुह्या घरून करतो म्हणलं, मंजुषा. बजार इथं, हॉल इथं, पाहुणे बी इथंच उतरतीन. आठ-दहा दिवसाचा तं सवाल हाय."

खोलीत महेंद्र होता, चैतराम खाटेवर होते, राखी दारात उभी होती. मंजुषाला छातीत ती ओळखीची धडधड जाणवली.

"लगनाले मी येईन, बाई. हौसेनं येईन. पण घरून नाही होणार. माह्याच्यानं होत नाही."

"काहून नाही होत?"

मंजुषानं सगळं सांगितलं. नागपूर, तपासण्या, हार्मोन, झोप. शेवंताबाईंनी ऐकलं, मग भावाकडे पाहून हसल्या.

"आमी बी केलं ना सारं. पोरं केली, वावरं केली, सासू-सासरे केले. आमाले नव्हते हे हार्मोन-गिर्मोन."

"होते बाई," मंजुषा म्हणाली. "तुमाले बी होते. कोणी तपासले नाही."

महेंद्रनं तिचं नाव घेतलं, दटावल्यासारखं. शेवंताबाईंचा चेहरा लाल झाला होता.

"माह्या मायनं असं म्हणलं नाही कधी," त्या म्हणाल्या. "घर भरून पाहुणे होते. साऱ्याइचा सैपाक केला, अन् चुलीपाशीच गेली. शेवटच्या दिवसावरी माह्याच्यानं होत नाही म्हून शब्द नाही काढला तिनं."

ही गोष्ट मंजुषानं लग्न होऊन आल्यापासून ऐकली होती. सासू चंपाबाईंना तिनं पाहिलं नव्हतं, ती येण्याच्या वर्षभर आधीच त्या गेल्या होत्या. पण प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला, भाकरी थापता थापता कोणीतरी ही गोष्ट काढायचं आणि नव्या सुना मान खाली घालून ऐकायच्या. तीही घालत आली होती.

"एक्कावन वर्षाची होती तुमची माय," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण थांबलाही नाही. "तुमी तिच्यापेक्षा मोठ्या झाल्या आता, बाई. एक्कावन वर्षाची बाई चुलीपाशी मरते अन् तुमी तिचं कौतुक करता. तिले दवाखान्यात कोणी नेलं होतं का, ते कोणी सांगत नाही. मले नाही मरायचं चुलीपाशी. तुमाले राग येत असन तं येऊ द्या. यांनाबी येऊ द्या. पण मी नाही करत."

महेंद्र उभा राहिला. काही बोलणार तेवढ्यात खाटेवरून चैतराम बोलले. ते कोणाकडे पाहत नव्हते.

"तिले झोप नव्हती येत. उठून आंगणात बसे. मी म्हणो, काय झालं, तं म्हणे, काही नाही, गरम होऊन राह्यलं. हिवाळ्यात बी तसंच म्हणे."

त्यांना खोकला आला, राखीनं पाणी दिलं. महेंद्र पुन्हा खाली बसला. शेवंताबाईंनी आपली पिशवी उचलली. जेवण तयार होतं, पण त्यांनी पानाला हात लावला नाही. दुपारच्या बसनं त्या किरनापुरला गेल्या.

महेंद्र त्यांना बसस्टँडवर सोडून आला आणि बरेच दिवस घुमा राहिला. मंजुषानं त्याला मनवलं नाही. वेळेवर जेवली, वेळेवर झोपली. मग एका सुट्टीच्या दिवशी तो स्वतःच मोटारसायकल काढून किरनापुरला गेला, तिथल्याच समाजभवनाची तारीख घेतली, मंडपवाला पाहिला, आणि लग्नाचं धावपळीचं काम आपल्या अंगावर घेतलं. दोन-तीन आठवड्यांनी एकदा तो घरी आला तो चिडलेलाच. लोक एका गोष्टीसाठी दहा वेळा फोन करतात, तो म्हणाला, खुर्च्या किती ते सांगितलं तरी पुन्हा विचारतात, अन् जेवता जेवता विचारतात.

"हौ," मंजुषा म्हणाली आणि त्याला भाजी वाढली.

महेंद्रनं फोन बंद केला नाही, पण उलटा करून ठेवला.

लग्नाला मंजुषा गेली. राखी आणि ती सकाळच्या बसनं किरनापुरला उतरल्या, भेटेल त्याला जय भीम केला, वंदनेला पुढे बसल्या. जेवणाच्या वेळी एका चुलत जावेनं तिच्या हातात वाढायची बादली दिली, न विचारता, जशी दरवेळी देत आली होती. मंजुषानं ती घेऊन टेबलावर ठेवली आणि म्हणाली की मी आधी जेवून घेतो. ती पहिल्या पंगतीत बसली. तिनं वरण घेतलं, भाजी घेतली, बुंदी दोनदा घेतली. मागे बायका बोलत होत्या, बालाघाटवाली लय साहेबीण झाली म्हणून, आणि तिला ऐकू जावं एवढ्या मोठ्यानं बोलत होत्या. तिची छाती उडू लागली. ती घास चावत राहिली. हात धुवायला उठेपर्यंत छाती आपोआप शांत झाली होती. तिला त्याचं एवढं नवल वाटलं की ती नळापाशी उगाच जराशी थांबली.

पुढच्या तपासणीत हार्मोनचा रात्रीचा आकडा खाली आलेला निघाला. पूर्ण नाही, पण बराच. रक्तदाबाची गोळी चालूच राहिली, पोटही फारसं उतरलं नाही. देवश्री म्हणाली की हे वर्ष-दीड वर्षाचं काम आहे आणि मध्येच सोडलं तर परत येईल. मंजुषा म्हणाली, सोडत नाही. शाळेत राजूनं बसेसचं काम एकट्याला झेपत नाही म्हणून सांगितलं, तेव्हा गजेंद्र सरांनी वेगळा फोन घेतला आणि त्याच्या सोबतीला आणखी एक माणूस दिला. मंजुषाला कोणी काही म्हणालं नाही आणि तिचा भत्ताही परत आला नाही. चौथीची पोरं मात्र तिची झाली होती. ती आता झोपायची. रोज नाही, पण बहुतेक रात्री, अगदी उजाडेपर्यंत.

पावसाळ्यात धानाची रोवणी आटोपल्यावर शेवंताबाई एकट्याच आल्या. आधी कळवलं नव्हतं. त्या बसल्या, पाणी प्यायल्या, बापाची तब्येत विचारली, राखीच्या परीक्षेचं विचारलं. लोकेशच्या बायकोबद्दल थोडं बोलल्या. मग पदर नीट केला.

"तुह्या त्या डाक्टरीनचं नाव काय होतं?"

मंजुषानं सांगितलं.

"मंग लाव ना नंबर माह्यासाठी."

"राखी दाखवते कसा लावायचा," मंजुषा म्हणाली. "फोन तुमीच करा, बाई. सोबत मी येतो."

शेवंताबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मंजुषानं नजर वळवली नाही. शेवटी शेवंताबाईंनी पिशवीतून फोन काढला आणि राखीला जवळ बोलावलं.

दवाखान्यात देवश्रीनं रक्तदाब मोजला, थोडं थांबून पुन्हा मोजला. पायांची सूज दाबून पाहिली. शेवंताबाईंनी लोकेशच्या लग्नाच्या दगदगीचं सांगितलं. मग देवश्रीनं विचारलं, झोप कशी आहे.

"बरी हाय," शेवंताबाई लगेच म्हणाल्या.

शेवंताबाई बोटातली अंगठी फिरवत बसल्या.

"नाही येत," त्या म्हणाल्या. "लगन झाल्यापासून नाही येत."

"मुलाचं?" देवश्रीनं विचारलं.

"नाही," शेवंताबाई म्हणाल्या. "माहं."